बीगल, ससा आणि आमचे नाना – सल्ला हवा आहे

बुंदीचा_बाबा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमच्याकडे बुंदी आहे. बीगल, मादी, साडेपाच महिन्यांची, वजन सात किलो. वारज्यात दुसऱ्या मजल्यावर मी, बायको, आई आणि ती असे राहतो. आतापर्यंत खाल्लेल्या वस्तू: एक कोल्हापुरी (डावी), टीव्हीचा रिमोट आणि आईच्या जपमाळेचे अकरा मणी. इथवर ठीक होतं.

गेल्या रविवारी तिला घेऊन गावी गेलो. गाव सासवडच्या पुढे, जेजुरीच्या अलीकडे. चुलत्यांची, म्हणजे नानांची, अंजिराची बाग आहे. बागेच्या बांधावर गवत कमरेइतकं वाढलंय. त्यातून ससा उठला. मला तो दिसलासुद्धा नाही, पण बुंदीने जो आवाज काढला तो मी आजवर ऐकलेला नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही. लग्नातल्या सनईवाल्याने श्वास न घेता एकच सूर धरून ठेवावा, तसं काहीतरी. पट्टा हातातून कधी सुटला कळलंच नाही. गवतात फक्त शेपटीचं पांढरं टोक वरखाली होताना दिसत होतं, मग तेही दिसेना.

दीड तासाने सापडली. पाझर तलावाच्या पलीकडे, कानात कुसळं, पुढच्या पंजाला रक्त, आणि चेहरा असा की जणू बोर्डात पहिली आली आहे. मला घाम फुटला होता, आणि नाना मात्र खूश! म्हणाले, "अरे, ही जातच सशाची आहे. हिला इथे ठेव दोन महिने, मी तयार करतो." त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेत. तिथे म्हणे बीगलचं टोळकं ससा फिरवून बरोबर बंदुकीसमोर आणतं. शिवाय वाटाण्यात ससे येतात ही त्यांची जुनी तक्रार आहेच.

मला शिकार करायची नाही. पण तिच्या अंगात एवढं काही भरलंय आणि मी तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार चकरा मारून आणतो, याचं त्या दिवसापासून वाईट वाटतंय. ही शिकवणी नक्की कशी असते? त्यातलं आपल्याला काय घेता येईल? आणि नानांना काय सांगू? ते माझ्या वडिलांच्या जागी आहेत, तेव्हा जरा जपून सांगावं लागेल.

रानवाट:

नानांना सांगायचं ते आधी सांगते. ससा वन्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार त्याची शिकार बंद आहे. बऱ्याच जणांना वाटतं, मारला तरच शिकार. तसं नाही. कलम २(१६) मधली व्याख्या वाचा: पकडणं, कुत्र्याकडून पाठलाग करवणं, हाकणं, फासे-सापळे लावणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारीतच येतं. वाटाणा खाल्ला म्हणून परस्पर बंदोबस्त करायचीही मुभा नाही. बुंदी परवा सुटली तो अपघात झाला. नानांनी दोन महिने "तयार" करून मुद्दाम सोडली, तर तो अपघात राहणार नाही.

आणि तुमच्या त्या पट्ट्यातली माळरानं नुसती ओसाड जमीन नाही. तिथे लांडगे आहेत, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे चिंकारा आहेत, आणि टिटवी-चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. एक मोकाट कुत्रा एका सकाळी किती नासधूस करतो ते मी पाहिलंय. बीगल गोड दिसतं म्हणून त्याला सूट नाही.

माळावरचा_गडी:

रानवाट ताईंशी कायद्याबाबत सहमत. पण नानांना एवढं सांगा, की आपल्याकडे सशामागे पूर्वी जी कुत्री असायची ती कारवानी. लांब पायांची, कंबर बारीक, नजरेवर पळणारी. मोकळ्या माळावर हे आखूड पायांचं बुटकं काय कामाचं? ससा तिला बघून हसत असेल.

दापोडीचा_मिस्त्री:

गडीभाऊ, हसत नसेल. पण तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वय झालंय, टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते, पिट्सबर्गपासून तासाभरावर. तिच्याकडे तीनदा सहा-सहा महिने राहिलो. मुलगी-जावई कामावर गेले की मी, खिडकी आणि बर्फ. शेजारी एक म्हातारा होता, पूर्वी खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. त्याचं इंग्रजी मला कळायचं नाही आणि माझं त्याला. पण त्याच्या पिकअप गाडीचा कार्बोरेटर मी साफ करून दिला, त्या दिवसापासून दोस्ती. त्याच्याकडे पाच बीगल. दोन हिवाळे मी नारिंगी जाकीट घालून त्याच्या मागे मागे हिंडलो. बंदूक एकदाही हातात धरली नाही, माझं कुतूहल कुत्र्यांपुरतंच.

पहिली गोष्ट म्हणजे तिथला ससा वेगळा. इंग्रजीत रॅबिट आणि हेअर असे दोन शब्द आहेत, मराठीत दोघांनाही ससाच. त्यांचा तो कॉटनटेल छोटा, झुडपातला, आणि मोहल्ला सोडून जाणारा नाही. कुत्रं मागे लागलं की तो गोल फिरतो आणि थोड्या वेळाने निघाला होता तिथेच परत येतो. म्हणून बीगल मंद असलेलं त्यांना चालतं, किंबहुना मंदच हवं असतं. कुत्र्याने ससा पकडायचाच नसतो, नाक जमिनीला लावून सूर धरत त्याला फिरवत ठेवायचं असतं. ससा उठला त्या जागी म्हातारा थर्मास उघडून उभा राहायचा. आपला ससा म्हणजे हेअर. तो बिळात राहत नाही, गवतात दबून बसतो, आणि उठला की मोकळ्यावर सुसाट. त्याच्यामागे बुंदी गेली की ती गेलीच. दीड तासात सापडली हे तुमचं नशीब.

आता शिकवणी. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला म्हातारा नुसता काट्याकुट्यांतून फिरवायचा. गवत ओलं असतं, काटा टोचतो, ओढा ओलांडावा लागतो, एवढंच शिकायचं. खरं काम सहाव्या महिन्यानंतर, आणि तेही एकट्याने. पिल्लाला मोठ्या कुत्र्यांबरोबर लवकर सोडलं तर ते वास शिकत नाही, पुढच्याची शेपटी बघून पळायला शिकतं. (आमच्याकडे वर्कशॉपला असे हेल्पर यायचे, दहा वर्षं पाना हातात देत राहिले आणि बोल्ट कधी खोलला नाही.)

ससा दिसला की पिल्लू डोळ्यांनी धावतं. तो दिसेनासा झाला की थांबतं, वेड्यासारखं इकडेतिकडे बघतं. तिथे म्हातारा काही बोलायचा नाही. पिल्लू स्वतःहून नाक खाली घालेल तेव्हाच हळूच "हां" म्हणायचा. तेच वळणांचं. ससा काटकोनात वळला की पिल्लू वेगात पुढे निघून जातं आणि वास तुटतो. आपल्याला वाटतं बोट दाखवावं. दाखवायचं नाही. ते मागे येईल, छोटे गोल घेईल, पुन्हा धागा पकडेल. एकदा बोट दाखवलं की पुढच्या प्रत्येक वळणावर ते तुमच्या तोंडाकडे बघणार.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते हे. त्या जंगलात हरणंही असायची. बीगल हरणामागे लागलं तर मैलोन्‌मैल जातं, रस्त्यावर गाडीखाली येतं. त्यामुळे म्हाताऱ्याची निम्मी मेहनत कुत्र्याला सशावर लावण्यात जायची आणि निम्मी हरणापासून तोडण्यात. त्याच्या भाषेत हरीण म्हणजे "कचरा". बुंदीच्या बाबा, तुमच्याकडे ससा हाच कचरा आहे. मोर कचरा, चिंकारा कचरा. तेव्हा तिला दुसरं काहीतरी द्या जे तिचं असेल.

तर सुकट घ्या. शाकाहारी घर असेल तर क्षमस्व. मूठभर सुकट उकळा, त्या पाण्यात जुना सुती मोजा भिजवा, मोज्याला दोरी बांधा आणि पहाटे दवात ओढत न्या. पहिल्या दिवशी वीस पावलं, सरळ. शेवटी तिची खाण्याची वाटी. वारा तिच्या पाठीमागून हवा, समोरून असेल तर ती मान वर करून हवेतच वास घेईल आणि जमिनीला नाक लावणार नाही. वाटी ठेवल्यावर आल्या वाटेने परत येऊ नका, लांबून वळसा घ्या. चार दिवसांनी एक वळण, मग दोन, मग मोजा ओढून झाल्यावर दहा मिनिटं थांबून, मग अर्धा तास. भर उन्हात, सुक्या मुरमाडावर करू नका, वास टिकत नाही आणि पिल्लू हिरमुसतं. आणि ससा तुमच्यासाठी कचरा आहे म्हणूनच सशाची कातडी किंवा पाळीव सशाचं गवत अजिबात वापरू नका. अमेरिकेतले व्हिडिओ तेच सांगतील. ते त्यांच्यासाठी.

नानांना सांगा, ज्या इंग्लंडातून ही जात आली तिथेसुद्धा २००४ च्या कायद्याने माळावरच्या सशाची कुत्र्यांकरवी शिकार बंद झाली. तेव्हा ही काही फक्त आपल्याकडची कटकट नाही.

अवांतर: पहिल्या खेपेला अमेरिकेच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी उभा होतो. एक बीगल आलं, जाकीट घातलेलं, माझ्या पिशवीपाशी शांतपणे बसलं आणि वर बघत राहिलं. पिशवीत बायकोने मुलीसाठी कढीपत्ता दिला होता, वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत. गेला. जावयाने नंतर सांगितलं की हे पथक १९८४ साली लॉस एंजेलिसला सुरू झालं. त्या कुत्र्याला कढीपत्त्याचं काय पडलंय? त्याला खाऊ मिळतो. बीगलचं नाक पोटाच्या मार्गाने कुठेही वळतं.

औंधची_बीगलवाली:

काकांचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावणार आहे!

माझा बीगल सहा वर्षांचा. दोन-तीन गोष्टी भर घालते. ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळांचा मोसम. गवतातून आलात की कान उलटून आतून बघा, बोटांच्या मधल्या बेचक्या बघा, बगला बघा. कुसळ एकाच दिशेने आत सरकतं, बाहेर येत नाही. आमच्याकडे एक कानात गेलं होतं, भूल देऊन काढावं लागलं. गोचिडांचं औषध चुकवू नका, गोचीडतापाने कुत्री खरोखर दगावतात. पावसाळ्यापूर्वी लेप्टोची लस. आणि गावच्या बांधावर घोणस असते, तेव्हा नाक खुपसत जाणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आणि वीस-पंचवीस फुटी दोरी, म्हणजे झटकन मागे घेता येतं.

साडेपाच महिने म्हणजे हाडं अजून कोवळी आहेत. दीड तास पळणं रोज नको. माझा अनुभव असा की वीस मिनिटं नाकाचं काम झालं की स्वारी तासाभराच्या फिरण्यापेक्षा जास्त दमते आणि दुपारभर गप्प झोपते. शेजारच्यांनी सुराबद्दल सोसायटीत अर्ज दिल्यावर हे मला कळलं, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

बुंदीचा_बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. शाकाहारी नाही, पण आई शनिवार-सोमवार-गुरुवार पाळते. त्यामुळे सुकटीचा कारखाना बाल्कनीत, इंडक्शनवर.

काका, दोन प्रश्न. ती सुटलीच तर परत कशी आणायची? नाव घेऊन घसा फुटेपर्यंत ओरडलो, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि दिवाळी आठ दिवसांवर आलीय. परवा खाली एक लवंगी वाजली तर ती पलंगाखाली गेली ती रात्रीच बाहेर आली. शिकारी लोक बंदुकीची भीती कशी घालवतात?

दापोडीचा_मिस्त्री:

सूर धरलेल्या बीगलला हाक मारू नका. तिला ऐकू येतं, पण त्या वेळी कुणी घरात नसतं. शंभर वेळा हाक मारून ती आली नाही, की त्या हाकेला काही अर्थ उरत नाही. एक शिट्टी घ्या. महिनाभर ती फक्त घरात, फक्त जेवणाच्या वेळी वाजवा, एकदाच, लांब. मग जिन्यात. मग पार्किंगमध्ये. बाहेर वाजवायची ती तिचं नाक वर आलेलं असेल तेव्हा, आणि आली की दरवेळी भरघोस खाऊ. रागावून पट्टा लावायचा नाही, नाहीतर परत येणं ही शिक्षा होऊन बसते.

आणि हरवलीच, अंधार पडला, तर म्हाताऱ्याची युक्ती. अंगातलं जाकीट काढून कुत्रं जिथून सुटलं त्या जागी टाकून ठेवायचं आणि घरी जायचं. कुत्रं वासावर माग काढत तिथे परत येतं आणि जाकिटावर झोपतं. मी स्वतः दोनदा पाहिलंय. तुमच्याकडे नानांची घोंगडी असेलच. फक्त जुन्नरकडे किंवा बिबट्याचा वावर असेल तिथे रात्रभर थांबायचं नाही, शोधायलाच जायचं.

फटाक्यांचं आठ दिवसांत होणार नाही, खोटं कशाला सांगू. या दिवाळीला खिडक्या बंद, पंखा चालू, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लवकर फिरवून आणा. ती पलंगाखाली गेली तर ओढून काढू नका. पुढच्या दिवाळीची तयारी मात्र तुळशीच्या लग्नानंतर लगेच सुरू करा. ती जेवायला लागली की आईंनी तीन खोल्या पलीकडे स्टीलची ताटली हळूच जमिनीवर टाकायची. ती खात राहिली तर दुसऱ्या दिवशीही तेवढ्याच अंतरावरून. मान वर केली तर आणखी लांबून. महिन्याभरात एक खोली जवळ या. म्हाताऱ्याने पहिलं वर्षभर पिल्लासमोर बंदूक उडवली नाही. घाई केली की कुत्रं बंदुकीला कायमचं बुजतं आणि मग ते कुणी घेत नाही, असं तो म्हणायचा. हे वाक्य मला कळलं होतं कारण त्याने ते हातवारे करून सांगितलं.

बुंदीचा_बाबा:

महिन्याने लिहितोय. वाट बघायला लावली, माफी.

दिवाळी पलंगाखाली गेली. ताटली सध्या स्वयंपाकघरातून पडतेय.

मोज्याचं: पहिल्या आठवड्यात मला वाटलं पोर हुशार आहे, तीस पावलं, वळण, वाटी, सगळं बिनचूक. मग एके दिवशी आई पुढे चालत गेली आणि मोजा ओढायचाच विसरली. तरीही बुंदी बरोबर वाटीपाशी! म्हणजे ती आठवडाभर सुकटीच्या नाही, आईच्या चपलेच्या वासावर चालली होती. काका, तुम्ही हे सांगितलं नव्हतंत!

दापोडीचा_मिस्त्री:

सांगायचं राहिलं खरं. दोन माणसं घ्या, लांब दोरीची दोन टोकं धरा, मोजा मधोमध बांधा आणि दोघं दहा-दहा फूट बाजूने चाला. पायांचा वास कडेला, सुकटीचा मध्ये. आता कळेल तिला खरं काय येतं ते.

बुंदीचा_बाबा:

केलं. पहिल्या दिवशी सपशेल नापास, आईच्या बाजूला गेली, मग माझ्या बाजूला, मग मध्ये बसून राहिली. बोट दाखवायचा फार मोह झाला. खिशात हात घालून उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला नाक खाली गेलं. आणि मग तोच सूर, पण बारीक, स्वतःशीच बोलल्यासारखा. वारज्याच्या त्या रिकाम्या प्लॉटवर सकाळी सहा वाजता माझ्या अंगावर काटा आला.

नानांचंही सांगतो. कायद्याचं त्यांना थेट बोललो नाही, रानवाट ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "बाईंचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले. आता मोजा तेच ओढतात, अंजिरांच्या ओळींतून, आणि एवढी अवघड वळणं घेतात की बुंदीपेक्षा मीच चुकतो.

आणि घोंगडी. गेल्या शनिवारी ती पुन्हा सुटली, या वेळी मांजरामागे. शिट्टी ऐकून एकदा थांबली, विचार केला आणि गेली. दिवस मावळला तशी नानांनी घोंगडी बांधावर टाकली आणि बॅटरी घेऊन आम्ही दोघं शोधायला निघालो. नऊ वाजता परत आलो तर घोंगडीवर बुंदी झोपलेली, आणि तिला टेकून गावातली दोन कुत्री. नानांनी घोंगडी तशीच तिथे ठेवलीय. त्या दोघांनाही उद्यापासून मोज्यावर घ्यायचं म्हणतायत.